जेएसएक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवातीचे दोन आठवडे मला जेएसएक्स, म्हणजे रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत एचटीएमएलसारखे टॅग थेट जावास्क्रिप्टमध्येच लिहायची पद्धत, बघवत नव्हती. मार्कअप एका फाइलीत, जावास्क्रिप्ट दुसरीत, हे वळण हाताला इतकं पक्कं बसलेलं, की फंक्शनच्या रिटर्नमध्ये डिव्हसारखा टॅग लिहिताना काहीतरी चुकतंय असंच वाटायचं.

मत बदललं ते कंपाइल झालेला कोड उघडून पाहिल्यावर. तिथे एकही टॅग नव्हता, नुसते फंक्शन कॉल. पूर्वी प्रत्येक टॅगचं रिअ‍ॅक्ट डॉट क्रिएटएलिमेंट व्हायचं. २०२० मध्ये रिअ‍ॅक्ट १७ सोबत नवी पद्धत आली, आता फंक्शन वेगळं असतं इतकंच. म्हणजे हे टेम्पलेट नव्हेच, व्हॅल्यू देणारं एक्सप्रेशन आहे. हे कळलं आणि पाठ केलेले नियम आपोआप सुटले. महिरपी कंसात इफ चालत नाही, कारण ते स्टेटमेंट आहे, व्हॅल्यू देत नाही. दोन टॅग शेजारी शेजारी रिटर्न करता येत नाहीत, कारण फंक्शन एकच व्हॅल्यू परत देतं, म्हणून फ्रॅगमेंट, म्हणजे दोन्हींना गुंडाळणारा रिकामा टॅग.

टाइपस्क्रिप्टसोबत, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टसोबत, तर याचं खरं सुख आहे. प्रॉपचं, म्हणजे कंपोनंटला (स्क्रीनच्या एका तुकड्याला) बाहेरून दिलेल्या व्हॅल्यूचं, नाव बदललं, की जिथे जिथे ते जुन्या नावाने वापरलंय तिथे लगेच लाल रेघ.

त्रासही झाला. लिस्टची लेंग्थ, पुढे दोन अँपरसँड (&&) आणि मग कंपोनंट, म्हणजे ‘लिस्टमध्ये काही असेल तरच दाखव’, असं मी सर्रास लिहायचो. लिस्ट रिकामी झाली आणि स्क्रीनवर नुसतं ० उमटलं. फॉल्स, नल, अनडिफाइन्ड यांचं काहीच दिसत नाही, शून्य मात्र दिसतं. आता मी शून्यापेक्षा मोठी का, अशी तुलना स्पष्ट लिहितो. त्याहून वाईट होती ती ‘की’ची चूक; ‘की’ म्हणजे लिस्टमधली प्रत्येक ओळ ओळखण्यासाठीची खूण. लिस्टमधून ओळी बनवणाऱ्या मॅपमध्ये मी इंडेक्सच, म्हणजे ओळीचा क्रमांकच, ‘की’ म्हणून दिला होता. वापरणाऱ्याने मधली ओळ काढली, तर तिच्या इनपुटमध्ये टाइप केलेला मजकूर खालच्या ओळीला जाऊन चिकटला. दीड दिवस मी स्टेटमध्ये, म्हणजे कंपोनंटने साठवलेल्या डेटात, चूक शोधत होतो, आणि ती या एका शब्दात होती. ‘की’ म्हणून डेटातला कायमचा आयडी द्या. ओळींची जागा बदलणार असेल तर इंडेक्स नकोच.

टर्नरीत (‘अट ? हे : ते’ अशा एका ओळीतल्या निवडीत) आणखी टर्नरी घातली की मात्र वाचणाऱ्याचे हाल होतात. मी ते सगळं रिटर्नच्या वर व्हेरिएबलमध्ये काढून ठेवतो.

क्लासऐवजी क्लासनेम लिहायची सवय झाली. एसव्हीजी चित्राचा कोड पेस्ट केल्यावर स्ट्रोक-विड्थमधली आडवी रेघ काढून डब्ल्यू कॅपिटल करणं अजून जिवावर येतं; त्यासाठी आता कन्व्हर्टर वापरतो.