जुन्या चिऱ्याच्या घरासाठी मुरवलेला चुना: कोणता घ्यावा, किती आणि कधी

गोव्यातल्या जुन्या घराच्या भिंती चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या, सांधे मातीचे आणि वरचा गिलावा चुन्याचा. मधल्या काळात अशा कितीतरी भिंतींवर सिमेंट चढलं. आता तीन पिढ्या नांदणारं घर दुरुस्तीला काढायचं म्हटलं की पिंपात भरून मिळणाऱ्या मुरवलेल्या, म्हणजे पाण्यात विरघळवून लोण्यासारख्या मऊ झालेल्या चुन्याची चौकशी होतेच. मातीच्या सांध्यांच्या भिंतीला याहून चांगला माल नाही, हे निःशंकपणे सांगता येतं. मात्र घराचं वेळापत्रक हा चुनाच ठरवतो. ते पाळायची तयारी नसेल तर पैसा वाया जातो.

चिरा पाणी पितो. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि उघड्या किंवा चुन्याच्या पृष्ठभागातून उडून जाते. सिमेंटचा थर तिची वाट अडवतो. मग जमिनीपासून दोन-तीन फुटांवर पांढऱ्या क्षारांचा पट्टा उमटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, बोटांनी ठोकलं की पोकळ आवाज येतो. आतली माती मात्र ओलीच राहते आणि हळूहळू दम सोडते. चुना ओल थांबवत नाही, ती बाहेर सोडतो. म्हणूनच अंगणात लाद्या घालून बाहेरची जमीन उंच झाली असेल तर आधी ती आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली न्या आणि वळचणीच्या पागोळ्यांचं पाणी गटारातून लांब सोडा. हे न करता लावलेला उत्तम चुनाही खालून सुटणार.

बाजारात तीन प्रकार दिसतात. कळीचा, म्हणजे पाणी न लागलेला भाजका चुना स्वस्त, पण घरात मुलं-म्हातारी असताना राजांगणात (घरातल्या मधल्या चौकात) तो विरघळवू नये. पाणी पडताच तो उकळतो, अंगावर उडतो, प्लॅस्टिकचं पिंपसुद्धा त्या उष्णतेने वितळतं. दुसरी पोत्यातली भुकटी. ती दुकानात पडून राहिली की हवा खाऊन तिचा खडू होतो. चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पिळा; जोरात फसफसली तर माल मेलेला. तिसरा मुरवलेला चुना, आणि निवड याचीच करावी. पिंप उघडल्यावर चुन्यावर पाण्याचा थर हवा, खाली लोण्यासारखा गोळा हवा. थापीवर घेऊन उलटी केली तरी तो चिकटून राहिला पाहिजे, आणि बोटांत चोळल्यावर एकही खडा लागता कामा नये. न विरघळलेला कण गिलाव्यात गेला तर काही आठवड्यांनी तिथे फोड येऊन खळगा पडतो. त्यामुळे बारीक चाळणीतून गाळलेला आणि निदान महिनाभर मुरलेला मालच मागावा. कागदावर बघायचं तर भारतीय मानक (IS) ७१२ मधला ‘क’ (C) वर्ग, म्हणजे शुद्ध चुना.

प्रमाण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको, मीठ थेट भिंतीत जातं. शंभर चौरस फूट भिंतीला दोन थर मिळून २० मिलिमीटर जाडी धरली आणि खळग्यांसाठी पाव हिस्सा जास्त घेतला, तर साधारण ८० लिटर चुना आणि साडेआठ घनफूट वाळू लागते. मोठे खळगे एकट्या चुन्याने भरू नका, कौलांचे आणि चिऱ्याचे तुकडे चेपून भरा.

जुनं सिमेंट हातोडी-छिन्नीनेच उतरवावं. ब्रेकरच्या हादऱ्याने सांधे ढिले होतात, आणि पाण्याच्या जोराने माती वाहून जाते. भिंत हलकी शिंपडून १० ते १२ मिलिमीटरचा पहिला थर. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतात. त्या दिसल्यावर घाबरून सिमेंट मागवू नये; लाकडी थापीने दाबून बंद कराव्यात. आठ-दहा दिवसांनी दुसरा थर. आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा फवारा आणि उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं. गवंड्यांची सगळ्यात वाईट सवय म्हणजे लवकर घट्ट व्हावा म्हणून मिश्रणात ‘मूठभर’ सिमेंट टाकणं. काम ठरवतानाच ते स्पष्टपणे नाकारा.

आता वेळापत्रक. सगळ्यांना घर चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) तयार हवं असतं, पण जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत नवा चुना वाळत नाही. ऑक्टोबरात सिमेंट उतरवा, भिंत महिनाभर उघडी ठेवा, नोव्हेंबरच्या मध्यापासून गिलावा धरा आणि बाहेरच्या भिंती फेब्रुवारीअखेर संपवा, म्हणजे पावसाआधी त्यांना तीन महिने मिळतात. मोठ्या घराला दोन कोरडे हंगाम धरा. पहिल्या वर्षी छप्पर, वासे, वाळवी आणि गटार; दुसऱ्या वर्षी वायरिंग आणि मग चुना. निम्मं घर उघडायचं, निम्म्यात चूल आणि देवघर चालू ठेवायचं. माटोळीच्या (चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या) चौकटीचे आधारही गिलाव्याआधीच तपासा, मागाहून ठोकाठोक नको.

आणि सह्या. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या कागदावर) भावंडांची नावं असतील आणि गोव्याच्या नागरी कायद्याने जोडीदारांचाही हिस्सा असेल, तर खर्चाची वाटणी व संमती लेखी झाल्याशिवाय चुन्याची आगाऊ रक्कम देऊ नका.

या मालाच्या उणिवाही आहेत. मजुरीचे दिवस सिमेंटपेक्षा बरेच जास्त लागतात. ओला चुना डोळे आणि कातडी भाजतो, म्हणून चष्मा व हातमोजे लागतातच. अ‍ॅल्युमिनियमला तो खातो. वायरीच्या नळ्या-डबे पीव्हीसीचे घ्या. न्हाणीघराच्या भिंतीला तो चालत नाही. वडीलधाऱ्यांसाठी तळमजल्यावर नवं न्हाणीघर हवं असेल तर ते मातीच्या सांध्यांच्या भिंतीला न चिकटवता मागच्या बाजूला स्वतंत्र भिंतींवर बांधणं बरं. सिमेंटच्या सांध्यांच्या किंवा काँक्रीटच्या सांगाड्याच्या घराला एवढा खटाटोप परवडत नाही. शिवाय चुन्यावर प्लॅस्टिक रंग किंवा वॉल पुट्टी चढवली तर सगळी मेहनत फुकट. वर तीन-चार पातळ हात चुन्याच्याच सफेदीचे द्यावेत.

शेवटचं पिंप संपवू नका. पाण्याचा थर राखून, झाकण घट्ट लावून ठेवलेला चुना वर्षानुवर्षं टिकतो आणि अधिक मऊ होतो. पहिल्या पावसानंतर खालच्या पट्ट्यात कुठे तरी क्षार फुटतीलच. नोव्हेंबरात तेवढा भाग खरवडून याच चुन्याने भरता येतो, नवा रंग मागवावा लागत नाही.