मेनफ्रेमचं नेटवर्क सॉफ्टवेअर: कशावर पैसे खर्च करावेत, कशावर नाही

ऐरोली-महापेत बसून झेड/ओएस (आयबीएम मेनफ्रेमची मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम) सांभाळणाऱ्यांनी टीसीपी/आयपी स्टॅकसाठी (नेटवर्कवर बोलणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) बाहेर बघायची गरज नाही. आयबीएमचा कम्युनिकेशन्स सर्व्हर झेड/ओएसबरोबरच येतो. व्हीटॅम (एसएनए या आयबीएमच्या जुन्या नेटवर्क पद्धतीचं सॉफ्टवेअर) आणि टीसीपी/आयपी दोन्ही त्यातच आहेत. सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्युटर (झेड/ओएसच्या गटात येणाऱ्या जोडण्या वाटणारा) आणि डायनॅमिक व्हीआयपीए (एका नेटवर्क कार्डाला न बांधलेला, हलू शकणारा आयपी पत्ता) यांमुळे एक एलपार (मेनफ्रेमचा स्वतंत्र मशीनसारखा चालणारा भाग) बंद पडला तरी पत्ता दुसरीकडे उभा राहतो. आमच्या मते झेड/ओएससाठी हाच स्टॅक घ्यावा.

त्यातलं एटी-टीएलएस (प्रोग्रॅमऐवजी स्टॅकच टीएलएस एन्क्रिप्शन करतो ती सोय) फार उपयोगाचं. जुन्या प्रोग्रॅमला हात न लावता ट्रॅफिक एन्क्रिप्ट होतं. मात्र आयपीएलनंतर (सिस्टिम सुरू केल्यावर) पॉलिसी एजंट (एन्क्रिप्शनचे नियम स्टॅकला देणारा प्रोग्रॅम) वर येईपर्यंत स्टॅक बाकीच्यांना सॉकेट उघडू देत नाही. कन्सोलवर ईझेडझेड४२४८ई हा संदेश दिसतो. पॉलिसी एजंट आणि ओएमपीराउट (राउटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) यांच्या यूजर आयडींना सर्व्हऑथ या सुरक्षा क्लासमधल्या ईझेडबी.इनिटस्टॅक प्रोफाइलवर रीड परवानगी द्या, नाहीतर सगळंच अडकून राहतं.

दुसऱ्या बँकेशी अजून एसएनए जोडणी असेल तर एंटरप्राइज एक्स्टेंडर (एसएनए ट्रॅफिक आयपीवरून नेणारी सोय) वापरा. त्यासाठी वेगळी खरेदी नाही: दोन्ही टोकांना स्टॅटिक व्हीआयपीए आणि व्हीटॅममध्ये एचपीआरआयपीचा एक्ससीए मेजर नोड (ही जोडणी सांगणारी व्याख्या). घोळ होतो तो फायरवॉलवर. यूडीपीचे 12000 ते 12004 असे पाचही पोर्ट दोन्ही दिशांनी उघडे हवेत. फायरवॉलवाले बऱ्याचदा 12000 एवढाच उघडतात. मग लिंक अॅक्टिव्ह दिसते, पण सेशन लागत नाही, आणि दोष व्हीटॅमवर ढकलला जातो. कारण सोपं आहे: लिंक जुळवण्याचं बोलणं 12000 वरून होतं, डेटा त्याच्या प्राधान्यानुसार बाकीच्या चारांवरून जातो. व्हीटॅमची ईईडायॅग टेस्ट चालवा. कुठला पोर्ट अडलाय ते लगेच कळतं.

निवडीचा खरा प्रश्न झेड/व्हीएसई (आयबीएमची दुसरी, लहान मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम; आयबीएमचा सपोर्ट 2023 मध्ये संपला) अजून चालते तिथे येतो. तिथे सीएसआय कंपनीचा टीसीपी/आयपी फॉर व्हीएसई किंवा बीएसआय कंपनीचा आयपीव्ही६/व्हीएसई. आयपीव्ही६ लागणार असेल तर बीएसआय घ्या. सीएसआयवर बेतलेले जॉब ढीगभर असतील तर उगाच बदलू नका, एफटीपीचे जॉब तपासण्यातच बराच वेळ जातो. झेड/व्हीएमखाली (एकाच मेनफ्रेमवर अनेक सिस्टिम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरखाली) शेजारी लिनक्स असेल तर लिनक्स फास्ट पाथ पाहण्यासारखा आहे: सॉकेटचं काम लिनक्सच्या स्टॅककडे जातं, व्हीएसईवरचा भार हलका होतो.

टर्मिनलसाठी ठाण्याच्या ऑफिसातल्या साध्या पीसीवर फुकटचा डब्ल्यूसी३२७० (पीसीवर मेनफ्रेमची स्क्रीन उघडणारा प्रोग्रॅम) पुरतो, टीएलएससकट. मॅक्रो आणि प्रिंटर सेशनवर रोजचं काम चालत असेल तिथेच आयबीएमच्या पर्सनल कम्युनिकेशन्सचं लायसन्स घ्या.