पाटी वाचते, पण ती कुणासाठी आहे हे कळत नाही

गाडीची स्वतः चालण्याची सोय वर्गणी भरून वापरतोय, त्याला सात महिने झाले. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनो ते रेडवुड सिटी, आठवड्यातून चार दिवस, शिवाय सुट्टीचं भटकणं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि कंपनीवरून जुंपते. 'स्वतः चालणारी' म्हणून गाजलेली असली तरी कागदोपत्री ही लेव्हल २ आहे, चालकाला मदत करणारी. म्हणजे स्टीअरिंग ती फिरवणार, ब्रेक ती मारणार आणि दंडाचं तिकीट आलं तर ते माझ्या नावावर.

२८० नंबरच्या हायवेवर हिला तोड नाही. लेन धरून ठेवणं, मध्येच घुसणाऱ्याला वाट देणं, एक्झिट जवळ आली की वेळेत उजवीकडे सरकणं, सगळं व्यवस्थित. संध्याकाळच्या खोळंब्यात ब्रेक दाबून दाबून पोटरी भरून यायची, ते बंद झालं. खरं सांगायचं तर वर्गणी मी त्या पोटरीसाठीच भरतो.

वेगाचं मात्र त्रांगडं आहे. मर्यादा ताशी ६५ मैल, आपले १०५ किलोमीटर. पण डावीकडच्या लेनमध्ये ६५ने कोण जातंय? तेवढ्याच वेगाने गेलात तर मागचा बंपरला येऊन चिकटतो. सुरुवातीला 'मर्यादेच्या वर किती' हा आकडा मला ठरवता यायचा. मी ५ ठेवला होता आणि खूश होतो. चौथ्या महिन्यात अपडेट आलं आणि आकडा गायब! आता गाडीचे तीन स्वभाव: सावकाश, नेहमीचा, घाईचा. 'नेहमीचा' लावून निघालो आणि थोड्या वेळाने बघतो तर वेग ७८. आजूबाजूचे पळत होते म्हणून हीही पळाली. पोलिसाला काय सांगू, गाडीचा स्वभावच तसा आहे?

उलटा प्रकार ८८० नंबरच्या हायवेवर. कॅलिफोर्नियात तीन किंवा जास्त आसांच्या ट्रकना आणि मागे ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ५५ची मर्यादा आहे, त्याची वेगळी पाटी असते. हिने ५५ हा आकडा तेवढा वाचला, 'ट्रक्स' हा शब्द सोडून दिला. मधल्या लेनमध्ये, समोर रस्ता मोकळा असताना, ६५वरून ५५वर. मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न वाजवत पुढे जाऊन हाताने जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नकाशात तिथे ६५च आहे, पण बहुतेक वेळा शेवटची पाटी जिंकते. नंतरच्या अपडेटमध्ये हे सुधारलं. महिनाभर. पुढच्या अपडेटला पुन्हा ५५.

शाळेजवळच्या पाटीवर २५ असतं आणि खाली 'मुलं असताना'. ती खालची ओळच खरी महत्त्वाची. रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी ही २५ने रांगते. ते एक वेळ परवडलं. पण एका गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळेला, पाटीवर झाडाची फांदी आली होती आणि ही ३५ने निघाली. फुटपाथवर दप्तरं घेतलेली दहा-बारा पोरं होती. स्क्रीनवर ती सगळी दिसत होती, प्रत्येकाची छोटी राखाडी आकृती. म्हणजे मुलं ओळखली, पण मुलं आहेत म्हणून हळू जायचं हे जमलं नाही. मी ब्रेक मारला. त्या गल्लीत मी आता ही सोय लावतच नाही.

मे महिन्यात बाबा आले होते. नाशिक डेपोत २८ वर्षं एसटी चालवलेला माणूस. शेजारी बसून पूर्ण वेळ उजवा पाय खाली दाबत होते. एक्झिटच्या गोल रॅम्पवर पिवळी पाटी असते, इथे २५. तो सल्ला असतो, कायदेशीर मर्यादा पांढऱ्या पाटीवर. ही पिवळीकडे लक्षच देत नाही, वळणात शिरते आणि मग आवरते. बाबा म्हणाले, "अरे, वळणाच्या आधी वेग सोडायचा असतो, वळणात नाही. मागचे प्रवासी एकमेकांवर पडतील." म्हटलं, "बाबा, मागे कुणी नाहीये." तर म्हणाले, "म्हणून काय झालं?"

सांताक्रूझकडे जाणाऱ्या १७ नंबरच्या हायवेवर तर माझा साफ नकार. घाटासारखी वळणं, रस्त्याच्या कडेला जागा नाही, मर्यादा बहुतेक ५०. कोरड्या दिवशी ठीक जाते. पण पावसात कायद्याने पाटीवरचा आकडा पुरत नाही; रस्त्याला झेपेल तोच वेग धरावा लागतो. फेब्रुवारीत भिजलेल्या डांबरावर हिने ५० धरून ठेवले. दुसऱ्या वळणाला मी स्टीअरिंग हातात घेतलं, ते सांताक्रूझपर्यंत सोडलं नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: 'सावकाश' लावा, हायवेवर उजवीकडून दुसरी लेन धरा, आणि अपडेट आलं की पहिले दोन दिवस जुन्या रस्त्यावरही नवीन गाडी समजून बसा. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका. मी महिन्याची भरतो. डिसेंबरात नाशिकला जाणार आहे, तेव्हा ती बंद.