कॅनन १०-१८ : सव्वा वर्ष वापरल्यावर

वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात मी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) तिच्या सर्वांत रुंद १८ एमएमवर लावून मागे मागे सरकत पार भिंतीला टेकलो होतो. तरी कैलास मंदिर चौकटीत मावेना. मंदिर ३० मीटरच्या आसपास उंच, भोवती उभा कातळ. आणखी मागे जायचं म्हणजे डोंगरातच शिरायचं. परतीच्या एसटीत वाइड अँगल, म्हणजे आणखी रुंद दृश्य मावणारी लेन्स, घ्यायचं पक्कं झालं. एमएमचा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद.

माझा कॅमेरा कॅनन २००डी, म्हणजे एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), १.६ क्रॉप: फुल फ्रेमच्या हिशेबात लेन्सचा आकडा १.६ ने गुणायचा. दुकानदार फुल फ्रेमची १६-३५ गळ्यात मारत होता, ‘पुढे कॅमेरा बदललात तरी चालेल’ म्हणून. पण माझ्या कॅमेऱ्यावर तिचा आवाका त्या हिशेबात २६-५६ इतकाच, आणि किट लेन्सचं १८ तसंही २९ होतं. म्हणजे एवढे पैसे मोजून पुन्हा जवळपास किट लेन्सच हातात. शेवटी दोन उरल्या: टोकिना ११-१६ एफ/२.८ आणि कॅनन १०-१८ एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त: टोकिना सव्वा स्टॉपहून जास्त उजेड घेते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), पण वजन साडेपाचशे ग्रॅम आणि स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय, कॅननच्या नावातलं ‘आयएस’) नाही. कॅनन २४० ग्रॅमची, माउंटसुद्धा प्लास्टिकचा. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा खेळण्यातली वाटली.

मग विचार केला, मी अंधारात फोटो काढतो तो कशाचा? लेण्यांचा. लेणी काही हलत नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते, अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. तिथे एफ/२.८ पेक्षा स्टॅबिलायझर कामाचा. म्हणून कॅनन घेतली. कंपनी चार स्टॉपचा फायदा सांगते, म्हणजे हातात धरून शटर सोळापट जास्त वेळ उघडं ठेवता येतं. वेरूळच्या १० नंबरच्या चैत्यात १० एमएमला, १/४ सेकंदावर, कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून काढलेल्या पाचांतले तीन तरी खणखणीत येतात. लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या छताच्या कमानी, खाली बुद्ध, मागे स्तूप, सगळं एका चौकटीत. मध्येच शाळेची सहल शिरली की मात्र मुलांच्या जागी भुतं उमटतात.

चांदण्यांच्या फोटोत मात्र टोकिनावाला मित्र सरळ जिंकला. माझ्या लेन्सवर शटर २० सेकंद उघडं ठेवूनही एफ/४.५ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर न्यावा लागतो आणि आकाशगंगेपेक्षा रवाच (फोटोतला दाणेदारपणा) जास्त दिसतो.

पहिले तीन-चार महिने मी ही लेन्स चुकीचीच वापरली. ‘सगळं मावतं’ एवढंच डोक्यात. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा १० एमएमला घेतला आणि घरी येऊन बघतो तर तो रौद्र कडा बशीच्या काठासारखा दिसतोय! वाइड अँगलमध्ये लांबचं आणखी लांब आणि लहान होतं. जवळ काहीतरी ठेवावंच लागतं. ही लेन्स सेन्सरपासून २२ सेंटीमीटरवरचंही फोकस करते, त्यामुळे आता गडावर मी पोटावर आडवा असतो: समोर कारवीचं फूल, मागे कडा.

माणसांचं काय होतं ते भाचीच्या साखरपुड्यात कळलं. ग्रुप फोटोत आत्या अगदी कडेला होती. कडेचं सगळं बाहेर ताणलं जातं. तो फोटो आत्याने अजून कुणाला पाठवू दिलेला नाही. आता घोळका असेल तर १८ वर, आणि कडेला कुणी नाही.

वाड्यात कॅमेरा जरा वर उचलला की खांब मागे कलंडतात. स्क्रीनवर ग्रिड लावा, कॅमेरा सरळ धरा, नको असलेली खालची जमीन नंतर कापा.

पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) घेऊ नका. मी घेतला, फिल्टरचं माप ६७, त्यामुळे किट लेन्सचा ५८ चा बसेना. आकाशाच्या सगळ्या भागांत ध्रुवीकरण सारखं नसतं, आणि इतक्या रुंद चौकटीत त्यामुळे मधोमध गडद निळा डाग पडतो. त्यापेक्षा हुड (लेन्सवर बाजूने पडणारा उजेड अडवणारी कडी) घ्या, तो खोक्यात येत नाही.

लेन्सला पाऊस अडवणारे सील नाहीत. जून ते सप्टेंबर मी ती सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, नाहीतर आपल्याकडच्या दमटपणात बुरशी धरायला वेळ लागत नाही. कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर त्यासाठीची आरएफ-एस १०-१८ बघा. ती १५० ग्रॅमचीच आहे, पण मी वापरलेली नाही. माझ्यासारखी १०-१८ (हिचं पूर्ण नाव ईएफ-एस) कुणाकडून जुनी घेणार असाल तर दोन्ही झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर कितीही स्वस्त असो, उठून या.