मांजलपूरचे दलाल काका: भाव तोच ठेवला, पण आमचा वरचा खर्च हलका करून दिला

मार्चमध्ये वडोदऱ्यात मांजलपूरला टू बीएचके रिसेल फ्लॅट घेतला, ४२ लाखांत. दस्तावेज (खरेदीखत) झाला, किल्ली मिळाली, आता निवांत बसून लिहितेय, कारण पहिल्यांदा घर घेणारे डाऊन पेमेंट कसंबसं जमवतात आणि मग वरच्या खर्चात अडकतात, आमचंही तेच झालं होतं.

हिशोबच सांगते. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ३३ लाख ६० हजार. उरलेले ८ लाख ४० हजार आमच्याकडे होते, आरडी करून साठवलेले. पण स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, म्हणजे २ लाख ५ हजार ८००, ती बँक लोनमध्ये धरत नाही, खिशातूनच जाते. वर दलाली, वकील, प्रोसेसिंग, सोसायटीची ट्रान्सफर फी. रजिस्ट्रेशनचा १ टक्का तेवढा वाचला, कारण गुजरातमध्ये बाईच्या नावावर दस्तावेज केला तर तो लागत नाही, म्हणून माझ्या एकटीच्या नावावर केला आणि हे लोनला को-अॅप्लिकंट राहिले. तरी तीनेक लाख कमीच. सासूबाईंनी गोल्ड लोनसाठी स्वतःच्या पाटल्या रुमालात बांधून माझ्या हातात ठेवल्या, तेव्हा मला रडूच आलं.

आम्ही आपले भावात १ लाख कमी करा म्हणून हट्ट धरून बसलेलो. दलाल काकांनी कॅल्क्युलेटर काढून माझ्यापुढे सरकवला, म्हणाले ताई, भाव १ लाखाने उतरला तर त्यातले ८० हजार लोनमधून कमी होणार, तुमच्या हातात आज २० हजार आणि ड्युटीचे ४,९०० एवढेच राहणार, हप्ता महिन्याला सातशेच्या आसपास कमी होईल. तेच १ लाख मालकांनी तुमच्या खर्चात घातले तर पूर्ण १ लाख आज वाचतात. इतकी साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती! (ज्यांच्याकडे रोख भरपूर आहे त्यांनी भावच पाडून घ्यावा, लांबचा विचार केला तर तेच स्वस्त.)

मालक पण मराठीच, मुलाकडे पुण्याला निघालेले. त्यांच्या खालचा फ्लॅट ४२ ला गेला होता त्यामुळे मुलगा फोनवर सारखा सांगायचा, बाबा ४२ च्या खाली उतरू नका. काकूंनी चहा आणला, मी सरळ म्हणाले, काका, तुमचा आकडा राहू दे, पण ड्युटीतले १ लाख आणि सोसायटीची ट्रान्सफर फी तुम्ही भराल का? ते गप्प. काकू आतून म्हणाल्या, अहो, आठ महिने घर बंद पडलंय, मेंटेनन्स भरतोयच ना आपण. तिथेच जमलं. उरलेले आम्ही यांच्या पीएफमधून काढले, पाटल्या सासूबाईंच्या हातात परत गेल्या.

दलाल काकांचं खरं काम पुढे दिसलं. तोंडी काही ठेवलं नाही, बानाखतातच (खरेदीखताआधीच्या करारात) लिहून घेतलं की ड्युटीतले १ लाख विकणारा देईल. वेगळं काही ठरलं नसेल तर ड्युटी घेणाऱ्यानेच भरायची असते, त्यामुळे ती ओळ पाहिजेच. बँकेलाही तोच कागद दाखवला, लपवाछपवी नाही. याआधी आम्ही एका दुसऱ्या दलालाकडे गेलो होतो, तो म्हणाला कागदावर ४४ लाख दाखवा, लोन जास्त बसेल, २ लाख रोख परत घ्या. ती बँकेची सरळ फसवणूक, वर ड्युटी ४४ वर भरायची, आम्ही तिथून उठूनच आलो.

एक तक्रार आहे. सोसायटीचं नो-ड्यूज लेटर, म्हणजे थकबाकी नसल्याचं पत्र, लागतं हे काकांनी दस्तावेजाच्या आदल्या दिवशी सांगितलं, सेक्रेटरी नेमके सुरतला, तारीख पुढे गेली आणि यांची एक रजा फुकट गेली. दुपारी एक ते चार फोनही उचलत नाहीत. दलाली १ टक्का पूर्ण घेतली, ४२ हजार, पण त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. पाचपैकी साडेचार. जाता जाता एक सांगते, घरवेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या आणि लाइट बिल तेवढं मालकांकडून आधीच मागवून ठेवा.