जुन्या लँड क्रूझरवर चढवलेलं कॅम्पिंगचं सामान: काय ठेवलं, काय उतरवलं

आधीच सांगतो, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये, एका गाडीवर जेवढं काय काय बसवलं त्या सगळ्याचा आहे. कारण ह्या गोष्टी एकेकट्या बघितल्या की सगळ्याच भारी वाटतात, एकाच गाडीवर एकत्र आल्या की मग खरी गंमत कळते. गाडी आहे टोयोटाची ८० सिरीजची लँड क्रूझर, १९९० साली बाजारात आली ती, ४.२ लिटरचं १एचझेड नावाचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, पुढेमागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग. पळत नाही फार, पण हिला पळवायची कुणाला आहे. सामानाच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, एकाच प्रकारची वस्तू दहा लेबलांखाली मिळते, तेव्हा प्रकार बघा, लेबल राहू दे.

ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: फ्रिज आणि त्याच्यामागची वीज एकदम झकास, स्प्रिंग उत्तम, टायरचा कॉम्प्रेसर तर पाहिजेच पाहिजे, रूफ टेंट (गाडीच्या छपरावर उघडणारा तंबू) उतरवला, मागे बसवायचे तयार ड्रॉवरही उतरवले.

आता सविस्तर. ३० वर्षं जुन्या गाडीत सगळ्यात जास्त काम ज्या गोष्टींनी केलं त्यांचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही. कूलंटचे होज, थर्मोस्टॅट, रेडिएटर, ब्रेकचे रबरी पाइप, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग. रबर वयाने कडक होतं, गाडी कितीही कमी चाललेली असू दे, मीटरवरचा आकडा बघून फसू नका. ह्या इंजिनाला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे, तो १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि आधीच्या मालकाने कधी बदलला त्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. पुढच्या ॲक्सलवर चाकाच्या आतल्या बाजूला तो गुळगुळीत गोळा असतो ना, स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून तो बघा. पातळसा ग्रीसचा पुसट थर असेल तर ठीक, पण तेलाचा ओघळ येऊन चाकाच्या आतून धूळ चिकटून काळा राप बसला असेल तर आतलं सील गेलंय, डिफचं (डिफरन्शिअल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा ॲक्सलमधला गिअर) तेल ग्रीसमध्ये शिरून ते पातळ करतंय आणि आतला जॉइंट कोरडा पडायच्या मार्गावर आहे. सील आणि गास्केटचा पूर्ण किट मिळतो, काम मळकट आहे, हात दोन दिवस काळे राहतात, पण हे करून घेतल्याशिवाय छपरावर काही चढवण्यात अर्थ नाही. किटला पैकीच्या पैकी मार्क.

मग वजन. इथे बहुतेकांचा घोळ होतो. गाडीच्या प्लेटवर जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात माणसंही येतात, हे लोक विसरतात. रॅक ३०-४० किलो, रूफ टेंट ६० च्या आसपास, फ्रिज रिकामा २० आणि भरलेला ३५, ड्रॉवर ५०-६०, पाणी ६० लिटर म्हणजे सरळ ६० किलो, जादा स्टेपनी ३५, रुतलेली गाडी ओढून काढायचं सामान २५, डिझेलचे दोन कॅन ३५-४०. झाले की नाही साडेतीनशे, आणि अजून दोन माणसं, अंथरुणं, हत्यारं बसायचीत. सगळं भरून, टाकी फुल करून, गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा करून बघा. एकूण आकडा मर्यादेत असतो आणि मागचा ॲक्सल मात्र रडत असतो असं फार होतं, कारण आपण सगळं मागेच कोंबतो.

ह्यासाठी स्प्रिंग. बहुतेक कंपन्या मागच्या स्प्रिंग जादा वजनाच्या पट्ट्यांमध्ये देतात, इतक्या किलोपासून इतक्या किलोपर्यंत, आणि ते वजन कायम गाडीत असणार असं धरून. हौसेने सगळ्यात जड स्प्रिंग घेतली तर रिकाम्या गाडीत पाठीचे मणके मोजता येतील. मी मधली घेतली, जी गाडी थोडं सामान कायम वागवते तिला हीच बरोबर. शॉकॲब्जॉर्बरच्या बाबतीत मात्र हात आखडू नका, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास चालवलं की स्वस्तातल्या शॉकमधलं तेल तापून फेसाळतं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. जाड बॉडीचे, तेल जास्त मावणारे बघा. गाडी दोन इंच उंच झाली ते जाहिरातीत ठळक लिहितात, मला त्याचं फार कौतुक नाही, भरलेली गाडी मागून बसत नाही आणि हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडत नाहीत हे जास्त महत्त्वाचं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो फ्रिज. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरवाला, वरून उघडणारा, ४० लिटरचा. आत पूर्वी डॅनफॉस आणि आता सेकॉप नावाने मिळतो त्या जातीचा कॉम्प्रेसर. वरून उघडतो म्हणून थंड हवा बाहेर सांडत नाही, ही फार साधी पण कामाची गोष्ट आहे. बर्फाच्या पेटीतलं पाणी उपसणं, ओली पाकिटं, दर दुसऱ्या दिवशी बर्फ शोधत फिरणं, सगळं बंद. चालू असताना साधारण ४-५ अँपिअर घेतो, पण सतत चालत नाही, थंड झाला की थांबतो, त्यामुळे सरासरी दीड अँपिअर धरली तर दिवसाला ३६ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, बॅटरीतली वीज ह्यातच मोजतात). कडक उन्हात, गाडीची दारं बंद करून ठेवली तर ह्याच्या बरंच वर जातो, फ्रिजच्या जाळीपुढे हात-दीड हात मोकळी जागा ठेवा आणि त्याच्यावर अंथरुणं रचू नका.

फ्रिजबद्दल जेवढ्या तक्रारी लोक करतात त्यातल्या निम्म्या तरी वायरच्या असतात असं माझं ठाम मत आहे. हे करून बघा, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा, १२.५ दिसेल. आता फ्रिज मागच्या सिगरेट लायटरच्या सॉकेटवर लावा आणि कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजच्या स्क्रीनकडे बघत बसा. १२.४, मग टक्‌ करून ११.८, कधी त्याच्याही खाली, आणि फ्रिजमधलं बॅटरी वाचवणारं सेटिंग वरच्या पायरीवर असेल तर बाईसाहेब बंद. बॅटरी भरलेली आहे, फ्रिज चांगला आहे, मधली वायर बारीक आहे. जाऊन-येऊन १० मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची वायर ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खाते, ६ चौरस मिलिमीटरची टाकली तर ०.१५ व्होल्टच्या आत भागतं. आणि ते सॉकेट धक्क्यांनी सैल होतं ते वेगळंच. ६ ची वायर, फिरवून लॉक होणारा प्लग, आणि वायर जिथे बॅटरीतून निघते तिथेच वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज फ्रिजच्या टोकाला लावून काही उपयोग नाही, मधे वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर आग मधेच लागते.

दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवर. तेवढ्याच एजीएमचं (सीलबंद लेड ॲसिड बॅटरीचा एक प्रकार) वजन ३० किलोच्या घरात, ही १२ ची, आणि एजीएममधली निम्मीच वीज वापरावी म्हणतात तर हिच्यातली ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते. म्हणजे एका जागी गाडी न हलवता फ्रिजचे दोन दिवस आरामात निघतात, वर रात्रीचे दिवे आणि फोन. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. एक, ही बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, तेव्हा आतल्या बीएमएसमध्ये (बॅटरीला सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का ते विचारा, सगळ्यांत नसते. दुसरं, बोनेटखाली बसवू नका, तिथली उष्णता हिला मानवत नाही. माझी मागच्या सीटच्या पाठीमागे पट्ट्याने आवळलेली आहे.

आणि ही बॅटरी जुन्या अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. साध्या लेड ॲसिडच्या जोडीला पूर्वीपासून तो व्होल्टेज बघून जोडणारा रिले लावतात, तो लेड ॲसिडला ठीकच आहे. पण लिथियमचा आतला रेझिस्टन्स इतका कमी की समोरून मिळेल तेवढा करंट ती ओढत राहते, आणि ७०-८० अँपिअरचा जुना अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीने चालायला बनवलेलाच नसतो, तापतो आणि जळतो. म्हणून मधे डीसी टू डीसी चार्जर, २५ अँपिअरचा. तो ठरलेल्यापेक्षा जास्त घेत नाही, लिथियमला हवं तसं १४.४ च्या आसपास व्होल्टेज देतो आणि इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या, सकाळी स्टार्टरला वीज शिल्लक. ४० अँपिअरचे मिळतात, जुन्या गाडीला मी नाही सुचवणार. चार्जर गरम होतो आणि फार तापला की स्वतःच करंट कमी करतो, तेव्हा वारा लागेल अशा ठिकाणी लावा. अजून एक, काही जुन्या डिझेल गाड्यांचं, ह्याच मॉडेलच्या काही देशांतल्या गाड्यांचंही, स्टार्टिंग २४ व्होल्टचं असतं, तेव्हा ऑर्डर देण्याआधी बोनेट उघडून बघा. ह्या सगळ्या जोडणीला १० पैकी ९, एक मार्क मॅन्युअलचा कापला, वायरची जाडी कुठेतरी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती.

रूफ टेंट. ह्याच्यावरून भांडणं होतात, माहितीये. उघडायला सोपा, जमीन चिखलाची असो दगडाची असो झोप सपाट, गादी आतच. हे सगळं खरं आहे. पण ६० किलो गाडीच्या सगळ्यात उंच जागी, आणि उंच जुन्या गाडीवर उतरत्या कडेच्या वाटेवर ते वजन कंबरेत जाणवतं. छपराच्या मर्यादा दोन असतात, गाडी चालताना आणि उभी असताना, टेंट चालतानाच्या मर्यादेत बसला पाहिजे, झोपलेल्या माणसांचं वजन दुसऱ्या मर्यादेत, आणि ऑफ रोडला चालतानाची मर्यादा अजून खाली येते, हे विकणारे आपणहून सांगत नाहीत. त्यात जरा हलायचं म्हटलं, नुसतं गावात जाऊन पाणी आणायचं म्हटलं तरी अख्खं घर मोडून आवरायचं. आणि पाऊस. पॉली-कॉटनचं कापड श्वास घेतं, चांगलं असतं, पण ओलं असताना घडी घालणं म्हणजे शिडीवर एका पायावर उभं राहून, एका हाताने भिजलेलं जड कापड आत कोंबत, दुसऱ्या हाताने कव्हरची चेन ओढायची, बाहीतून पाणी थेट काखेत. आणि तसाच बंद ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके, ते जात नाहीत. गादीखाली हवा खेळायला जाळीची चटई टाका नाहीतर खालून गादी ओली. दोघंच असाल, रोज मुक्काम बदलणार असाल, गाडी ताकदवान असेल तर घ्या. मी जमिनीवरच्या साध्या तंबूवर परत आलो, १० पैकी ५.

हिटर किंवा शेगडी बंद तंबूत, बंद गाडीत लावायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ह्याच्यावर चर्चा नको.

टायरचा कॉम्प्रेसर घ्याच. ३५ पीएसआयवरून वाळूत १८ वर आणलं की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि जिथे गाडी रुतत होती तिथून निवांत निघते, कुठलाही डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं लॉक) घ्यायच्या आधी हे करून बघा. पण हवा काढली म्हणजे परत भरायचीच, खाली हवेवर डांबरी रस्त्यावर वेगात पळवलं तर टायरच्या भिंती तापून फाटतात. मोठा कॉम्प्रेसर ३० अँपिअरपर्यंत खातो, सॉकेटवर चालवाल तर फ्यूज उडेल, थेट बॅटरीला चिमटे लावा आणि इंजिन चालू ठेवा.

ओढायच्या सामानात ताणला जाणारा कायनेटिक दोर आणि तो गाडीला अडकवायच्या दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्याच कड्या), बस. पण दोर टो बॉलला (गाडीच्या मागचा गोळ्याचा हुक) अडकवू नका, तो ट्रेलर ओढायला असतो, झटक्याने तुटला तर काचेतून आत येतो, माणसं गेली आहेत ह्याने. चेसिसला बोल्ट केलेले रेटेड (किती ओढ सोसतील ते ठरवून दिलेले) हुकच वापरा. चाकाखाली टाकायच्या प्लॅस्टिकच्या फळ्या उपयोगी आहेत, फावडं त्याहून जास्त.

तयार ड्रॉवर दिसायला देखणे, सगळं जागच्या जागी, पण रिकामेच ५०-६० किलो आणि धूळ रुळात शिरली की करकर. त्याच्या जागी झाकणाचे चार डबे आणि पत्र्यातल्या मूळ हुकांना रॅचेटचे पट्टे, ४० किलो वाचले. पट्टे नीट आवळा, जोरात ब्रेक मारला की भरलेला डबा सरळ मानेवर येतो.

राहता राहिला बाजूला उघडणारा ऑनिंग, म्हणजे रॅकला लावलेलं सावलीचं कापडी छप्पर. उन्हात मस्त, दोन मिनिटांत लागतो. वाऱ्याचा भरवसा नसेल तिथे दोऱ्या खुंट्या मारल्याशिवाय सोडून जाऊ नका, ॲल्युमिनियमच्या काठ्या वाकतात आणि रॅकचे ब्रॅकेट पण सोबत घेऊन जातात. १० पैकी ६, आणि ते सहाही सावलीचे.