ड्रिलसह घरदुरुस्तीची पेटी: सांगलीत नऊ महिने रोज वापरल्यावर

गणपती पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी ११ वर्षं काउंटरला होते. अर्धा इंची वॉशर, पाऊण इंची बॉल कॉक, १६ अँपिअरचा सॉकेट, आठ नंबरची गिट्टी (भिंतीच्या भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी), कुठल्या खणात काय आहे ते हाताला पाठ. पण यातली एकही वस्तू मी स्वतः कधी बसवली नव्हती. मागच्या वर्षी मालकांनी दुकान बंद केलं. तोवर एक वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते डोक्यातून जाईना: "सामान न्हेतो ओ ताई, पण बसवायला माणूस मिळंना." नळाचा वॉशर बदलायला कुणी येत नाही, आलं तर चार दिवसांनी येतं. बायका घरात एकट्या असतात, अनोळखी माणसाला आत घ्यायचं म्हणजे त्यांना नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघावी लागते. ही कामं आपण शिकायची असं मी तेव्हाच ठरवलं.

तयारी म्हणून ३,९०० रुपयांची एक पेटी ऑनलाइन मागवली. आत १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे भोक पाडणारं बिट धरणारा जबडा) ६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, भिंतीची, लाकडाची आणि लोखंडाची बिटं, हातोडी, पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हरचा बिटांचा संच, टेप, टेस्टर आणि मूठभर गिट्ट्या-स्क्रू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तशाच रंगाच्या पेटीत चार-पाच नावांनी हा माल येतो आणि आतलं सामान जवळजवळ सारखंच असतं. नऊ महिन्यांत मी याच पेटीवर काम शिकले आणि आता महिन्याला पंचवीस-तीस घरी जाते. तेव्हा जे लिहिते आहे ते हाताने केलेलं आहे.

आधी चांगलं. पाना आणि पक्कड अजून नव्यासारखे आहेत. हातोडीचा दांडा हलला नाही. ड्रिलला दम आहे, विटेच्या भिंतीत सहा मिलिमीटरचं भोक ते सात-आठ सेकंदांत पाडतं. स्क्रू ड्रायव्हरची बिटं मात्र टाकाऊ. पहिल्याच महिन्यात फुलीच्या दोन बिटांच्या कडा गोल झाल्या, आणि गोल झालेलं बिट स्क्रूचं डोकंही खाऊन टाकतं. मग तो स्क्रू काढायला एक तास जातो. चांगल्या पोलादाचे दोन साधे स्क्रू ड्रायव्हर, एक फुलीचा आणि एक चपटा, वेगळे घ्या. पेटीत ओळंबाही नाही आणि लेव्हलही नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नव्या माणसाचं पहिलं काम बहुतेक शेल्फ लावायचं असतं, आणि शेल्फ वाकडं बसलं की ते घर पुन्हा बोलवत नाही.

आता भिंतींबद्दल सविस्तर लिहिते. सांगलीत हे काम करायचं तर ड्रिलच्या आधी भिंत शिकावी लागते.

विश्रामबागेतल्या नव्या इमारतींत पिलर आणि बीम काँक्रीटचे, मधल्या भिंती विटांच्या नाहीतर सिमेंटच्या हलक्या ब्लॉकच्या. गावभागात जुन्या वाड्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि मातीच्या, दोन-दोन फूट जाड. शिवाय नदीच्या बाजूची घरं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या घरांच्या भिंतींचा खालचा भाग आजही वेगळाच वागतो. पाण्याबरोबर भिंतीत क्षार शिरतात, पाणी सुकताना ते पृष्ठभागाशी येऊन त्यांचे खडे होतात आणि प्लॅस्टर आतून फुगवतात. आपण त्याला लोणा म्हणतो. लोणा आलेल्या भिंतीत गिट्टी ठोकली तर ठोकताना घट्ट वाटते, आणि आठवड्याने स्क्रूसकट हातात येते.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मारुती चौकाजवळच्या एका घरात मी कमरेच्या उंचीला टॉवेलचा दांडा लावला. आठ दिवसांत वहिनींचा फोन आला, दांडा खाली आला होता. जाऊन बघितलं तर भोकातून पांढरी भुकटी गळत होती. पैसे न घेता दुसऱ्यांदा काम केलं. या वेळी सगळं पोकळ प्लॅस्टर खरवडून पक्क्या विटेपर्यंत गेले आणि लांब गिट्टी विटेत बसवली, प्लॅस्टरमध्ये नाही. तो दांडा अजून आहे.

तेव्हापासून कुठल्याही भिंतीत आधी चार मिलिमीटरचं छोटं भोक पाडते आणि खाली कागदाचा द्रोण धरते. पडणारी भुकटी बघायची. तांबडी आली की वीट, आठ मिलिमीटरची गिट्टी निवांत बसते. बारीक करडी आणि बिट पुढं सरकेना, तर काँक्रीट. तिथं या ड्रिलवर जोर देऊ नये, बिटाचं टोक निळं पडतं आणि मोटर तापते. पांढरी, पिठासारखी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर हलका ब्लॉक, तिथं ड्रिलचा ठोका बंद करून नुसतं फिरवायचं. आणि तपकिरी माती आली तर थांबायचं. मातीच्या सांध्यात भोक आपोआप मोठं होत जातं. तिथं मी सागाची किंवा बाभळीची खुंटी तासून ठोकते आणि स्क्रू तिच्यात पिळते, किंवा सरळ सांगते की एवढं वजन इथं टांगू नका.

कोणत्या ड्रिलने काय होतं हेही कळायला हवं. या पेटीतलं इम्पॅक्ट ड्रिल दात्यांच्या चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतं, त्यामुळं ठोके भरपूर पण हलके. काँक्रीटला ज्याच्या आत हवेच्या दाबाने दट्ट्या आपटतो ते रोटरी हॅमर लागतं. त्याची बिटंही वेगळी, खाचेची. पंख्याचा हूक किंवा गिझरचा बोल्ट काँक्रीटमध्ये लावायचा असेल तेव्हा मी ते दिवसाच्या भाड्याने आणते. पेटीच्या खोक्यावर 'काँक्रीटसाठी योग्य' असं छापलेलं आहे. माझ्या अनुभवात ते तीन-चार भोकांपुरतंच खरं आहे.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. विश्रामबागेत एका बाथरूममध्ये आरसा लावायचा होता. मी नळाच्या बरोबर वर, सरळ रेषेत भोक पाडलं. बिट एकदम आत गेलं आणि पाण्याची धार थेट चेहऱ्यावर आली. भिंतीत लपलेला सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप होता. मुख्य कॉक कुठं आहे ते मी आधी विचारलंच नव्हतं. घरातल्या आजी गच्चीवर धावल्या आणि तिथला व्हॉल्व्ह बंद झाला तेव्हा पाणी थांबलं. टाइल फोडून, पाइपचा तुकडा कापून, कपलर (दोन तुकडे जोडणारा जोड) लावून, चिकटवायचं सोल्यूशन वाळू देऊन ते काम दोन दिवसांनी पुरं झालं, आणि टाइलचे पैसे मी भरले. भिंतीतले पाइप आणि वायरींचे पाइप बहुधा सरळ उभे किंवा सरळ आडवे जातात. म्हणून नळाच्या, गिझरच्या आणि स्विचबोर्डाच्या वर-खाली आणि डाव्या-उजव्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. आता घरात पाय ठेवला की चप्पल काढायच्या आधी विचारते, "मेन कॉक कुठाय? मेन स्विच कुठाय?"

ती टाइल मला एका प्लंबर काकांनी नीट बसवून दिली आणि पुढं त्यांच्याकडेच मी शिकायला जाऊ लागले. आयटीआयची चौकशी मी केली होती. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. ज्यांचं वय आणि घर परवानगी देतं त्यांनी तोच रस्ता घ्यावा, माझ्यापेक्षा फार पक्के तयार होतील. मला दहावीतली मुलगी आणि घरखर्च बघून ते जमण्यासारखं नव्हतं. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचीही माहिती काढली, पण तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि गवंडी आहेत, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत. मग १४ रविवार काकांच्या मागं हाताखालचं माणूस म्हणून फिरले. पैसे नाहीत, दुपारचं जेवण त्यांच्याकडे.

काकांनी पहिल्या रविवारी फक्त टेफ्लॉन टेप गुंडाळायला लावली. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ पिळताना टेप सुटून गोळा होते आणि आट्यातून थेंब येत राहतो. मी दुकानात ही टेप हजारांनी विकली, पण तिला दिशा असते हे त्या रविवारी कळलं. सीपीव्हीसीचं सोल्यूशन वेगळं आणि यूपीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिक पाइपचं वेगळं, हेही तिथंच पक्कं झालं. गळणाऱ्या नळाला लगेच नवा नळ सुचवायचा नाही हेसुद्धा. पितळी नळ असेल तर वरचा नट सोडून स्पिंडल (नळ फिरवल्यावर आत फिरणारा दांडा) बाहेर काढायचा, वॉशर बदलायचा, आणि वॉशर जिथं टेकतो त्या बैठकीवर बोट फिरवायचं. बोटाला खाच लागली तर नवा वॉशरही महिनाभरात कापला जाणार. काका म्हणायचे, "डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला इचार." माझ्या बोटाला ती खाच कळायला चार-पाच नळ लागले.

विजेचं काम मी फार मर्यादेत करते आणि ती मर्यादा पहिल्या फोनवरच सांगते. पंख्याचा कंडेन्सर, स्विच, सॉकेट, दिवा, बेल. नवं वायरिंग, मीटरकडची बाजू, अर्थिंग यांना परवानाधारक वायरमनच हवा. पेटीतल्या टेस्टरने मला एकदा चांगलंच चकवलं. शामरावनगरात एका घरी सॉकेट चालत नव्हता. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत दिवा पेटतोय. मला वाटलं, वायरी कुणीतरी चुकीच्या जोडल्यात. खरं म्हणजे मागं कुठंतरी न्यूट्रल (वीज परत जायची वायर) तुटला होता आणि घरात चालू ठेवलेल्या दिव्यातून फेज (वीज आणणारी वायर) फिरून न्यूट्रलच्या भोकापर्यंत येत होता. मल्टिमीटर (दोन टोकांमधले व्होल्ट आकड्यात दाखवणारं यंत्र) लावला असता तर दोन भोकांमध्ये २३० व्होल्ट नाहीत हे लगेच कळलं असतं. टेस्टर एवढंच सांगतो की इथं वीज आहे. ती परत जायला वाट आहे का, हे तो सांगत नाही. त्याच संध्याकाळी ७०० रुपयांचा मल्टिमीटर घेतला. माझ्या पिशवीत सगळ्यात जास्त वेळा बाहेर निघणारं साधन आज तेच आहे.

पंख्याचं काम शिकायला सोपं आणि गिऱ्हाइकाला लगेच आनंद देणारं. पंखा हळू फिरतो, हाताने ढकलल्यावर सुरू होतो, तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. साध्या सिलिंग फॅनला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा घ्यायचा. मेन बंद करायचा, जुन्याची टोकं कशी जोडलेली आहेत त्याचा फोटो काढायचा, मगच सोडायचं. पूर आलेल्या घरांत स्विचबोर्ड आता छातीपर्यंत वर घेतलेले दिसतात, पण खालचे जुने बोर्ड कधीकधी नुसते झाकून ठेवलेले असतात आणि आत वीज जिवंत असते. त्या भागात झाकलेल्या बोर्डालासुद्धा मी मल्टिमीटर लावल्याशिवाय हात लावत नाही.

पाचव्या महिन्यात ड्रिलमधून जळका वास आणि ठिणग्या यायला लागल्या. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला, तर वॉरंटी फक्त घरगुती वापराला आहे, तुम्ही धंदा करता म्हणून लागू नाही, असं उत्तर आलं. पावतीच्या मागं बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. विकताना पानभर 'व्यवसाय सुरू करा' असं लिहायचं आणि वॉरंटीत व्यवसायच वगळायचा, हे मला अजून पटलेलं नाही. दुरुस्ती मात्र किरकोळ निघाली. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) झिजले होते, जोडीला ८० रुपये पडले, मी स्वतःच बदलले. सोबत एक जोडी कायम ठेवा.

पैशाचं सांगते, कारण माझ्यासारख्या बायका तेच आधी विचारतात. भेटीचे १५० रुपये, त्यात अर्ध्या तासाचं काम. पुढचं काम आधी सांगून, कबूल करून. सामान गिऱ्हाइकाच्या पावतीवर, त्यात माझं काही नाही. पहिल्या महिन्यात ३,२०० रुपये झाले, आता १५ ते १७ हजारांच्या आसपास होतात. ऐन पावसात गळतीचे फोन वाढतात, दिवाळीच्या आधी शेल्फ आणि पडद्यांचे. जास्त बोलावणी येतात ती एकट्या राहणाऱ्या आजींची आणि दिवसा घरी असणाऱ्या सुनांची. "बाई आलीय म्हटल्यावर दार उघडायला धाकधूक हुत न्हाई," असं एका मावशींनी सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतून तीन फोन आले.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर मी ही पेटी घेणार नाही. ड्रिल वेगळं आणि बरं घेईन, आणि उरलेल्या पैशात मल्टिमीटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक लेव्हल आणि भुकटीपासून डोळे वाचवणारा चष्मा. पण हाताशी एवढंच भांडवल असेल आणि काम शिकायलाच सुरुवात करायची असेल, तर वर्षभर पेटी चालेल. खोकं आलं की त्याच दिवशी ड्रिलच्या चकात सहाचं बिट घट्ट आवळा आणि रिकामंच चालवून बघा. बिटाचं टोक हवेत गोल फिरताना दिसलं, आणि दुसरं बिट लावूनही तसंच झालं, तर चक वाकडा आहे, ड्रिल लगेच परत पाठवा. माझ्या ड्रिलचा चक तसाच होता, आणि मला ते कळलं तेव्हा परतीचे सात दिवस उलटून गेले होते.